चहाच्या खोक्याचा खर्ज

शाळेत शिकवतात, इतिहास राजे घडवतात. मी गिरणीत राबणारा माणूस. मला तो एका चहाच्या खोक्यात दिसतो.

प्रशांत महासागरात वानुआतू हा बेटांचा देश आहे. १८६३ ते १९०४ या काळात मुख्यतः तिथून आणि सॉलोमन बेटांवरून सुमारे ६२ हजार मजूर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला नेले. काही राजीखुशीनं गेले, कित्येकांना फसवून, उचलून नेलं. उसाच्या मळ्यात एकाची बोली दुसऱ्याला कळेना. तेव्हा साहेबाच्या इंग्रजीची मोडतोड करून त्यांनी आपसातली भाषा जुळवली. तिचीच पुढं बिस्लामा झाली.

इकडं बेटांवर पाद्र्यांनी स्तोत्रं दिली, आणि कित्येक ठिकाणी लोकांचा नाच बंद पाडला.

१९४२ साली महायुद्धात अमेरिकन फौजा उतरल्या. त्यांच्या गिटार-युकुलेलेचा नाद बेटावरच्या पोरांनी उचलला. खर्जासाठी वाद्य नव्हतं. मग चहाचं रिकामं खोकं, एक काठी, एक ताणलेली दोरी. वर उंच, टिपेचा गळा. हा स्ट्रिंग बँड. येशूची गाणीही मग याच तारांवर, बिस्लामात वाजू लागली.

देव मानायचा की नाही, ते सोडा. भाषा कुणाची ते बघा. ३० जुलै १९८० ला ब्रिटिश-फ्रेंच जोडसत्ता गेली. राष्ट्रगीत झालं ते मजुरांच्या बिस्लामातच.

दोस्तांनो, आपल्या बोलीला अशुद्ध म्हणणारा भेटला तर त्याला एवढंच विचारा : हे खोकं कुठल्या व्याकरणात बसवणार?