चारशें एकोणीसावें कलम आणि नायजेरियाचा विद्यार्थी

‘चारशें एकोणीस’ हा आंकडा नायजेरियांत पोरासोरासहि ठाऊक आहे. खोटी बतावणी करून दुसऱ्याचें द्रव्य उपटणें, हा तेथील फौजदारी कायद्याच्या ह्या कलमाचा विषय. पुढें कलमाचा आंकडाच त्या धंद्याचें नांव होऊन बसला. भारतांत ४२० व्या कलमाचें असेंच झालें. ती दंडसंहिता २०२४ सालीं गेली, ‘चारसौ वीस’ मात्र लोकांच्या तोंडीं कायम आहे. दोन्ही कायदे इंग्रजी अमदानींतले. आंकडेहि शेजारचे निघावे हें नवल.

ह्या लबाडीचा जन्म संगणकाबरोबर झाला, हा समज इतिहासास धरून नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांतच नायजेरियांतील शाळकरी मुलें अमेरिकेंतील पत्रमित्रांस हिऱ्यांचें नि हस्तिदंताचें आमिष दाखवून पैसे मागवूं लागलीं होतीं. त्यांतला एक चौदा वर्षांचा मुलगा स्वतःस राजपुत्र म्हणवी. त्याची मागणी चार डॉलर आणि एक जुनी विजार एवढीच! मागणी बालिश खरी. पण शाळेनें हातीं दिलेली लेखणी आणि इंग्रजी भाषा हेंच त्याचें भांडवल होतें, ही गोष्ट पुढील सर्व इतिहासाच्या बुडाशीं आहे.

१९७६ सालीं सरकारनें प्राथमिक शिक्षण सार्वत्रिक करण्याचें योजिलें, तें तेलाच्या पैशाच्या बळावर. १९८० नंतर तेलाचा भाव कोसळला. १९८६ सालीं अर्थव्यवस्थेच्या पुनर्रचनेचा कार्यक्रम आला, आणि नायरा हें चलन घसरत गेलें. प्राध्यापकांचें वेतन कवडीमोल झालें. पुष्कळांनीं परदेशची वाट धरली. पदवीधर बेकार राहिले. बड्या अधिकाऱ्याचें सोंग घेऊन लाखों डॉलरांच्या ठेवीची थाप मारणारीं पत्रें जगभर जाऊं लागलीं तीं ह्याच काळांत. २००० सालानंतर इंटरनेटचीं भाड्याचीं दुकानें गल्लोगल्लीं निघालीं, टपालखर्चहि वांचला, आणि याहू कंपनीच्या फुकट पत्रपेटीवरून ह्या तरुणांस ‘याहू बॉइज’ हें नांव पडलें.

विद्यापीठांची अवस्था तोंवर बिकट झाली होती. १९७८ सालीं स्थापन झालेला अध्यापकसंघ वेतनासाठीं व ग्रंथालयें-प्रयोगशाळांच्या निधीसाठीं वारंवार संपावर गेला: २०२० सालीं नऊ महिने, २०२२ सालीं आठ महिने. अध्यापकांची तक्रार रास्त होती. पण चार वर्षांची पदवी हातीं पडण्यास सहा वर्षें लागूं लागलीं, आणि घरीं बसलेल्या विद्यार्थ्यासमोर कालचा सहाध्यायी नव्या मोटारींतून जाऊं लागला. गुरूच्या पगारापेक्षां ठकाची एका रात्रीची कमाई मोठी, हें उघड दिसत असतां विद्येची प्रतिष्ठा कशावर टिकावी? ठकबाजीच्या चक्क शिकवण्याहि निघाल्या. आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या, २००३ पासून काम करणाऱ्या आयोगानें अशा कांहीं ‘पाठशाळां’वर छापे घातले.

तथापि प्रत्येक सधन दिसणारा विद्यार्थी ठक ठरूं लागला, हेंहि शिक्षणाचें नुकसानच. १ नोव्हेंबर २०२३ रोजीं ह्याच आयोगानें इले-इफे येथें ओबाफेमी आवोलोवो विद्यापीठाच्या आवाराबाहेरील वसतिगृहांवर मध्यरात्रीं धाड घालून सुमारें ७० तरुण धरले. विद्यार्थी खवळले. चौकशीअंतीं बहुतेकांस सोडून देण्यांत आलें, आणि असे रात्रीचे छापे बंद करण्याचा हुकूम आयोगाच्या अध्यक्षांस काढावा लागला.