नाशिकची कांदा चाळ

निफाड, येवला, चांदवड, देवळा, कळवण आणि सटाणा या भागांत उन्हाळ कांदा एप्रिल-मेच्या सुमारास काढला जातो आणि दिवाळीपर्यंत थोडाथोडा बाजारात जातो. मधला सगळा काळ पावसाळ्याचा. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. म्हणून साठवणुकीचा प्रश्न उभा राहिला तो उन्हाळ कांद्यापुरता.

जुनी रीत साधी होती. खळ्याजवळच्या उंच जागी कांद्याचा ढीग घालायचा, भोवती तुराट्यांचा किंवा बांबूच्या तट्ट्यांचा कूड उभा करायचा आणि वर उसाचे पाचट किंवा गवत दाबून बसवायचे. पाऊस त्यामुळे अडे. पण जमिनीची ओल खालून चढे आणि ढिगाच्या पोटात ऊब कोंडून राही. काढलेला कांदा जिवंतच असतो, तो श्वास घेतो आणि उष्णता व बाष्प सोडतो. झाकण जितके घट्ट, तितकी सड जास्त. सड, कोंब आणि वजनातली घट मिळून निम्म्यापर्यंत माल हातचा जाई.

यावर पद्धतशीर काम सुरू झाले ते नाफेड या सहकारी पणन महासंघाच्या पुढाकाराने 1977 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानमुळे. त्याचे संशोधन केंद्र नाशिकजवळ चितेगाव फाट्यावर आहे. कांदा-लसणाचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही 1994 मध्ये नाशिकलाच सुरू झाले आणि 1998 मध्ये राजगुरुनगरला हलले. अशा कामातून पुढे आलेल्या सुधारित चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर छपरात, कांदा जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, फटी ठेवलेल्या तळावर राहतो. थराची रुंदी चार फुटांच्या आसपास आणि उंची चार-पाच फुटांपर्यंतच ठेवतात, म्हणजे हवा मधोमध पोचते. एकपाखी (एका ओळीची) चाळ दक्षिणोत्तर, दुपाखी (दोन ओळींची) पूर्व-पश्चिम बांधण्याची शिफारस आहे. उघडा पत्रा उन्हात तापतो, त्यामुळे मंगलोरी कौले किंवा सिमेंटचे पत्रे अधिक चांगले. आणि छत बाजूंच्या बरेच पुढे आलेले हवे. पुढे शासनाने चाळींना अनुदान दिले आणि गावोगावी त्या उभ्या राहिल्या.

तरीही निम्मे यश चाळ भरण्याआधीच ठरते. पातीखाली झाकून शेतात सुकवलेला, इंचभर मान ठेवून कापलेला आणि सावलीत पुन्हा वाळवलेला कांदाच टिकतो. ओल्या मानेचा माल कितीही चांगल्या चाळीत सडतो. मुसळधार पावसात बाजूंना ताडपत्री सोडावी लागते, पण उघडीप मिळताच ती वर गुंडाळणे तितकेच गरजेचे आहे; हे दुसरे काम चुकले की नुकसान अधिक होते.

2002 मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला विकिरण केंद्र सुरू केले. कोबाल्ट-60 च्या किरणांनी कोंब येणे थांबते. सड आणि वजनातली घट मात्र त्याने थांबत नाही. त्यासाठी शीतगृह किंवा हवेशीर चाळ लागतेच, आणि शेतकऱ्याच्या बांधावर चाळच परवडते.