दूरध्वनीतील विजेचे स्थानांतर : पालघर–बोईसर परिसराच्या संदर्भात

१

एखाद्या यंत्राचा इतिहास म्हणजे त्याच्या शोधाची व प्रसाराची सनावळी, असा समज बराच रूढ आहे. दूरध्वनीची सनावळी सांगणे अवघड नाही. १८७६ साली अमेरिकेत अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यास पेटंट मिळाले. १८८२ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे ओरिएंटल टेलिफोन कंपनीची केंद्रे सुरू झाली. १९४३ साली या शहरांची दूरध्वनी व्यवस्था सरकारने आपल्या ताब्यात घेतली. आणि १९६० साली लखनौ व कानपूर यांच्या दरम्यान ऑपरेटरच्या मध्यस्थीवाचून परगावी फोन लावण्याची, म्हणजे एस्टीडीची, सोय देशात प्रथम झाली. परंतु घरातील तांब्याच्या तारेवरचा फोन काढून त्या जागी इंटरनेटवर चालणारा फोन घेण्याचे जे परिवर्तन गेल्या काही वर्षांत घडून आले, त्याचा अर्थ या सनावळीवरून उलगडत नाही. वरवर पाहता यंत्र तेच, घंटा तीच, क्रमांकही पुष्कळदा तोच. मग बदलले ते काय?

या प्रश्नाचे उत्तर विजेच्या स्थानात शोधावे लागते. बोलणे वाहून नेण्यासाठी लागणारी वीज कोठून येते व ती पुरविण्याची जबाबदारी कोणाची, या एका कसोटीवर दूरध्वनीच्या इतिहासाचे तीन कालखंड स्पष्टपणे वेगळे करता येतात. पालघर, बोईसर व तारापूर हा परिसर या पाहणीस विशेष उपयुक्त आहे. कारण येथे विजेचे उत्पादन, औद्योगिक वसाहत, सागरी वादळे आणि भूकंपाचे धक्के ही सर्व एकाच टापूत एकत्र आली आहेत.

२

पहिला कालखंड मॅग्नेटो दूरध्वनीचा. या पद्धतीत बोलण्यासाठी लागणारी वीज ग्राहकाच्या घरातील कोरड्या बॅटरीतून मिळे, आणि केंद्रातील ऑपरेटरचे लक्ष वेधून घेण्यासाठी यंत्राच्या बाजूचा दांडा हाताने फिरवावा लागे. म्हणजे वीज घरातच असे. केंद्राकडे केवळ जोडणीचे काम असे. मोठ्या शहरांत ही पद्धत लवकर मागे पडली. परंतु लहान गावांच्या केंद्रांत ती स्वातंत्र्योत्तर काळातही दीर्घकाळ टिकून राहिली. परगावी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे, आणि घाई असल्यास ‘अर्जंट’ किंवा ‘लाइटनिंग’ दराने जादा पैसे मोजावे लागत.

दुसरा कालखंड मध्यवर्ती बॅटरीचा. या पद्धतीत सर्व ग्राहकांसाठी लागणारी वीज केंद्रातील मोठ्या बॅटऱ्यांतून, सुमारे ४८ व्होल्ट दाबाने, त्याच दोन तांब्याच्या तारांवरून घरोघर जाऊ लागली. ग्राहकाने रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होई आणि केंद्रास ते आपोआप कळे. घरातील बॅटरी गेली, दांडा गेला. या बदलाचा परिणाम यंत्रापुरता मर्यादित नव्हता. गावाची वीज गेली तरी फोन चालू राही. कारण केंद्रात बॅटऱ्या असत आणि त्यांच्या पाठीशी डिझेलचे जनित्र असे. अंधारात घराघरांतील दिवे विझलेले असताना फोनची घंटा मात्र वाजते, हा अनुभव महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत सर्वांच्या परिचयाचा झाला. विजेची जबाबदारी ग्राहकावरून उठून संस्थेवर गेली होती, आणि ही संस्था सार्वजनिक होती.

१९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने लहान गावांसाठी १२८ जोडण्यांचे जे केंद्र तयार केले, त्याने हीच व्यवस्था ग्रामीण भागात नेली. वातानुकूलनाशिवाय चालणारे हे केंद्र भारतीय हवामानाचा विचार करून घडविलेले होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. अशा केंद्रांत आवाजाचे रूपांतर अंकांत होतच होते. प्रत्येक सेकंदास ८,००० वेळा आवाजाचे मोजमाप घेऊन, प्रत्येक मोजमापास ८ अंकस्थाने देऊन, सेकंदास ६४,००० अंकांचा प्रवाह तयार होत असे. म्हणून ‘जुना फोन तारेचा व नवा फोन अंकांचा’ ही सर्वसाधारण मांडणी बरोबर नाही. अंक पूर्वीच आले होते. परंतु ते केंद्राच्या भिंतींच्या आत होते.

३

तिसरा कालखंड अंक घरापर्यंत येण्याचा. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यास मर्यादित परवानगी मिळाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने या सेवेविषयी शिफारशी केल्या आणि जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारकांना ती देण्याचा मार्ग मोकळा केला. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओची घरगुती फायबर सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू झाली, आणि तिच्यासोबत घरच्या फोनची जोडणीही मिळू लागली. भारत संचार निगमानेही फायबरवरून आवाजाची सेवा देण्यास आरंभ केला. ऑगस्ट २०२२ मध्ये स्थिर दूरध्वनीच्या ग्राहकसंख्येत जिओने निगमास मागे टाकले. तांब्याच्या तारेचे जाळे ज्या संस्थेने उभारले, तिचे अग्रस्थान अशा रीतीने काचेच्या तंतूच्या जोरावर दुसऱ्याकडे गेले.

या स्थित्यंतराची कारणे केवळ स्पर्धेत नाहीत. तांब्याची तार पावसाळ्यात जोडांत पाणी शिरल्याने निकामी होते, रस्ते खोदताना तुटते, आणि तिची देखभाल हे मनुष्यबळाचे काम आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस निगमाचे ७८,००० हून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. एका तंतूवर आवाज, इंटरनेट व दूरचित्रवाणी ही तिन्ही वाहून नेता येत असता केवळ आवाजासाठी तांब्याचे जाळे राखणे कोणत्याही संस्थेस परवडणारे नव्हते, हे मान्य करावे लागेल.

परंतु काच वीज वाहून नेत नाही. या एका भौतिक सत्यात संपूर्ण परिवर्तनाचे मर्म आहे. फायबरच्या टोकाशी घरात जी पेटी बसविली जाते, ती घरच्या विजेवर चालते. घरची वीज गेली आणि इन्व्हर्टर नसला तर पेटी बंद पडते आणि तिच्याबरोबर फोनही. केंद्रात बॅटरी असली तरी तिचा उपयोग ग्राहकाच्या दारापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे मॅग्नेटोच्या काळात जी वीज घरात होती, ती मध्यंतरी केंद्रात गेली आणि आता पुन्हा घरात परतली. फरक इतकाच की, त्या काळी बॅटरी यंत्राबरोबरच येई व दिवे गेले तरी तिला झळ पोहोचत नसे; आज तिची तजवीज ग्राहकाने स्वतः करावयाची आहे, आणि ती करावयाची आहे हे त्यास कित्येकदा ठाऊकही नसते.

४

पालघर परिसराच्या संदर्भात ही बाब केवळ गैरसोयीची राहत नाही. तारापूर येथील अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली कार्यान्वित झाल्या. २००५ व २००६ या वर्षांत प्रत्येकी ५४० मेगावॅट क्षमतेच्या आणखी दोन भट्ट्यांची भर पडली. अशा केंद्राभोवती १६ किलोमीटर त्रिज्येच्या क्षेत्रासाठी आपत्कालीन योजना आखलेली असते, आणि बोईसर या क्षेत्रात येते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा जिल्ह्यात वीजपुरवठा खंडित झाला. निर्वाणीच्या वेळी बोलण्याचे साधन चालू असणे हा येथे नागरी सुरक्षिततेचा भाग आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, तेव्हा घरच्या फोनची चिंता कशास? या आक्षेपात तथ्य आहे. भूकंपाच्या भयाने घराबाहेर रात्री काढणाऱ्या कुटुंबास भिंतीशी बांधलेल्या फोनचा उपयोग नाही. मोबाइल त्याच्याबरोबर उघड्यावर येतो. परंतु मोबाइलचा मनोराही अखेर विजेवर व मर्यादित बॅटरीवरच चालतो. दोन्ही साधने एकाच वीजपुरवठ्यावर अवलंबून राहू लागली, म्हणजे एक बंद पडल्यास दुसरे आहे, हा दिलासा उरत नाही. पूर्वी फोनची वीज व दिव्याची वीज या भिन्न मार्गांनी घरात येत होत्या. ते वेगळेपण हीच जुन्या व्यवस्थेची खरी शक्ती होती.

इतर देशांनी हा प्रश्न नियमांच्या पातळीवर हाताळला आहे. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २००५ साली, इंटरनेटवरील फोनवरून आपत्कालीन क्रमांक लावता आलाच पाहिजे, असे बंधन घातले. ब्रिटनच्या नियामकाने २०१८ साली असे मार्गदर्शन केले की, जे ग्राहक आपत्काळी केवळ घरच्या फोनवर विसंबून आहेत त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास संपर्क साधता येईल अशी सोय सेवा देणाऱ्याने करावी. तेथील जुने जाळे बंद करण्याची मुदत डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ वर नेण्यात आली, त्यामागेही अशा ग्राहकांचीच चिंता प्रामुख्याने होती.

५

विजेबरोबर आणखी एका गोष्टीचे स्थानांतर होत आहे, ती म्हणजे क्रमांक. पालघर व बोईसर यांचा ०२५२५, डहाणूचा ०२५२८ व वसईचा ०२५० हे एस्टीडी क्रमांक म्हणजे एक प्रकारचा भूगोलच होता. क्रमांक पाहताच फोन कोणत्या टापूतून आला हे कळे. २०११ साली क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली, ती मोबाइलपुरती. स्थिर फोनच्या ग्राहकाने कंपनी बदलली तर वर्षानुवर्षांचा क्रमांक त्यास सोडावा लागला. दुकानाच्या पाटीवरचा, लग्नपत्रिकेवरचा व नातलगांच्या वह्यांतला क्रमांक अशा रीतीने एका दिवसात निरर्थक ठरला. उलटपक्षी, नव्या सेवेचा क्रमांक ॲपच्या साहाय्याने मोबाइलवरही घेता येत असल्याने, ‘घरचा नंबर’ घरातच वाजेल ही खात्रीही उरली नाही.

भाषेने या बदलांची नोंद आपल्या परीने ठेवली आहे. मोबाइल येण्यापूर्वी ‘लँडलाइन’ हा शब्द सामान्य मराठी बोलण्यात नव्हता. नुसता ‘फोन’ पुरेसा होता. दुसरे साधन आल्यावरच पहिल्यास विशेषणाची गरज पडली. ‘लाइन’ हा शब्द मात्र तार गेल्यावरही टिकून आहे. फायबर तुटली तरी लोक ‘लाइन गेली’ असेच म्हणतात. आणि ‘लाइन गेली’ याच शब्दांनी वीज गेल्याचेही सांगतात. पूर्वी हे एकाच शब्दाने ओळखले जाणारे दोन निराळे प्रसंग होते. आज ते खरोखरच एक प्रसंग झाले आहेत.

ध्वनीच्या दृष्टीने नव्या व्यवस्थेचा लाभही नोंदविला पाहिजे. जुन्या तारेवरून साधारणतः ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जाई. ‘स’सारख्या घर्षक ध्वनींची बरीचशी ऊर्जा या पट्ट्याच्या वर असल्याने ‘स’ व ‘फ’ यांची गल्लत होई आणि नावे अक्षरे फोडून सांगावी लागत. विस्तृत पट्ट्याच्या नव्या पद्धतीत सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी जातो व ही गल्लत पुष्कळ कमी होते. तेव्हा हे परिवर्तन म्हणजे निव्वळ हानी नव्हे.

६

सारांश असा की, दूरध्वनीच्या इतिहासात वीज घरातून केंद्रात व केंद्रातून पुन्हा घरात गेली, आणि तिच्याबरोबर जबाबदारीही फिरली. तांब्याचे जाळे राखून ठेवावे, असा याचा अर्थ नाही. ते शक्य नाही व इष्टही नाही. परंतु सार्वजनिक संस्थेकडे असलेली जबाबदारी व्यक्तीकडे सोपविली जाते तेव्हा ते उघडपणे सांगितले गेले पाहिजे. पेटीबरोबर बॅटरी देणे, वीज गेल्यास फोन किती वेळ चालेल हे ग्राहकास लेखी कळविणे आणि अणुकेंद्राच्या आपत्कालीन क्षेत्रातील रुग्णालये, शाळा व ग्रामपंचायती यांची जोडणी विजेच्या स्वतंत्र सोयीसह राखणे, या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत.

इतिहासाच्या अभ्यासकांपुढील कामही तातडीचे आहे. जुन्या दूरध्वनी निर्देशिका, केंद्रांच्या नोंदवह्या, निवृत्त ऑपरेटर व लाइनमन यांच्या आठवणी ही या टापूच्या सामाजिक इतिहासाची अस्सल साधने आहेत. तारा उतरविल्या जात आहेत. त्यांच्याबरोबर ही साधने रद्दीत जाण्यापूर्वी त्यांचा संग्रह झाला, तर रेल्वे, अणुकेंद्र व औद्योगिक वसाहत यांच्याइतकाच दूरध्वनीनेही हा परिसर कसा घडविला, हे साधार सांगता येईल.