बायपोलर डिसऑर्डर : ओळख आणि काळजी

"स्वभावच लहरी आहे" म्हणून आपण जे सोडून देतो, तो कधी कधी आजार असतो.

मॅनिया : निदान आठवडाभर अतिउत्साह किंवा चिडचिड, जेमतेम झोपूनही थकवा नाही, अखंड बडबड, बेफाम खर्च.
डिप्रेशन : दोन आठवडे किंवा अधिक काळ उदासी, कशातच रस नाही, मरणाचे विचार.

रुग्ण बहुधा उदासीतच डॉक्टरकडे जातो. त्या वेळी आधीच्या अतिउत्साहाबद्दल घरच्यांनी आवर्जून सांगावे. नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी काहींना मॅनिया होऊ शकतो.

१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी मॅनियावर लिथियमचा उपयोग दाखवला. ते आजही महत्त्वाचे औषध आहे. मात्र रक्तातले लिथियम, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची नियमित तपासणी हवी. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

आपल्या भारतवारीत जेट लॅगने झोप मोडते आणि आजार उलटू शकतो. उन्हाळ्यात घाम, जुलाब किंवा आयब्युप्रोफेनमुळे रक्तातले लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. म्हणून तिकीट काढतानाच डॉक्टरांशी बोलावे.

आत्महत्येचे विचार येत असल्यास अमेरिकेत ९८८ वर लगेच फोन करावा.