इंग्लंडचं ऊन, पीण्याची हवा

आज बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात जाऊ. इथे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा मोजणारं केंद्र आहे. त्याच्या नोंदींत धूळ आणि वायूंच्या जोडीला सौर प्रारणाचाही रकाना असतो. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला प्रश्न पडला: धुराच्या हिशेबात उन्हाची नोंद कशाला?

ऊन जमीन तापवतं, जमीन हवा तापवते. तापलेली हवा वर उठते आणि जमिनीलगतचा धूर घुसळून पातळ करते. ही अस्थिर हवा. रात्री जमीन निवते, गार हवा खाली बसते आणि वरचा उबदार थर झाकण होतो. ही स्थिर हवा. धूर खालीच कोंडतो.

1961 साली ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फ्रँक पास्क्विल यांनी दिवसा वारा आणि ऊन, रात्री वारा आणि ढग पाहून हवेचे ए ते एफ असे सहा वर्ग मांडले. पण ‘कडक ऊन’ म्हणजे किती? तर इंग्लंडमधल्या भर उन्हाळ्याच्या दुपारइतकं. ‘सौम्य’ म्हणजे तिथल्या हिवाळ्याइतकं. आता गंमत पाहा. डिसेंबरात लंडनचा मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो, बंगळूरचा सुमारे 54 अंश. त्यांच्या हिवाळ्याच्या मापात आपला हिवाळा बसेल कसा?

म्हणजे ऊन मोजायलाच हवं. त्याची तयारी आपल्याकडे आधीच झाली होती. पुण्याच्या हवामान खात्यात काम करणाऱ्या अ‍ॅना मणी यांनी 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी देशात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. निवृत्तीनंतर त्यांनी बंगळूरमध्येच वारा आणि ऊन मोजणारी उपकरणं बनवणारी कार्यशाळा काढली.

1993 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं तपासलेल्या पद्धतीत ‘कडक’, ‘सौम्य’ या शब्दांच्या जागी आकडे आले. दर चौरस मीटरला 675 ते 925 वॅट ऊन आणि सेकंदाला 2 ते 3 मीटर वारा असेल, तर वर्ग बी: धूर चांगला पांगतो.

सूर्य मावळला की मात्र उन्हाचा रकाना शून्यावर येतो. मग 2 आणि 10 मीटर उंचीवरच्या तापमानातला फरक पाहावा लागतो. वर उबदार, खाली गार आणि वारा 2 मीटरहून कमी, की वर्ग एफ: सगळ्यांत स्थिर.

नेमकी तेव्हाच रात्रपाळी चालू असते. चोवीस तासांच्या सरासरीत दुपार आणि रात्र एक होऊन जातात. रात्रपाळीचा कामगार श्वास घेतो तो मात्र रात्रीच्या हवेत.