संकेतस्थळाची शोधसुलभता

शोधयंत्रांसाठी व कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींसाठी मजकूर गोळा करणाऱ्या ‘क्रॉलर’ या स्वयंचलित आज्ञावलींना संकेतस्थळ सापडावे आणि वाचता यावे, यासाठी केलेली तांत्रिक रचना. मराठीत यातील मुख्य अडचण लिपीच्या संकेतनाची आहे. कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत अक्षरांचा केवळ आकार देवनागरी असतो, साठवलेले संकेत मात्र रोमन अक्षरांचे असतात; त्यामुळे केशोरी (ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया) हे गावाचे नाव पडद्यावर स्पष्ट दिसले, तरी क्रॉलरच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग ठरते आणि गावाचा शोध घेणाऱ्याला ते पान मिळत नाही. युनिकोडमध्ये हेच नाव क, मात्रा, श, काना-मात्रा, र व दीर्घ वेलांटी अशा सहा निश्चित संकेतांकांनी लिहिले जाते. म्हणून जुन्या मजकुराचे युनिकोडीकरण ही इतर सर्व उपायांच्या आधीची पायरी मानावी लागते. कागदाची नुसती छायाप्रत चढवल्यासही अक्षरओळख करून घेतल्याखेरीज मजकूर शोधात येण्याची खात्री नसते.

पानांची यादी देणारा ‘साइटमॅप’ क्रॉलरला वाट दाखवतो, तर कोणता भाग वाचू नये हे ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल सांगते. १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी सुचवलेला हा संकेत पाळणे ऐच्छिक आहे. ओपनएआयने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ‘जीपीटीबॉट’लाही याच फाइलद्वारे मज्जाव करता येतो.