एचआयव्ही-संबंधित बोधात्मक ऱ्हासातील दैनंदिन कार्यक्षमतेचे मूल्यमापन

एचआयव्ही-संबंधित बोधात्मक ऱ्हासातील दैनंदिन कार्यक्षमतेचे मूल्यमापन म्हणजे एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या स्मरण, अवधान, नियोजन, विचारांचा वेग इत्यादी क्षमतांत झालेल्या घटीचा तिच्या रोजच्या व्यवहारांवर किती परिणाम झाला आहे, हे ठरविण्याची प्रक्रिया होय. चाचणीतील गुण सारखे असले तरी या मूल्यमापनानुसार निदान बदलू शकते.

निदानातील स्थान

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रास्काती निकषांनुसार या ऱ्हासाचे लक्षणविरहित ऱ्हास, सौम्य विकार आणि एचआयव्ही-संबंधित स्मृतिभ्रंश असे तीन प्रकार मानले जातात. पहिल्या दोन प्रकारांत किमान दोन बोधात्मक क्षेत्रांतील गुण वय व शिक्षणानुसार अपेक्षित सरासरीपेक्षा किमान एक प्रमाण विचलनाने कमी असतात. दैनंदिन व्यवहारांत अडथळा नसल्यास तो लक्षणविरहित ऱ्हास, तर काही अडथळा असल्यास सौम्य विकार ठरतो. स्मृतिभ्रंशात बोधात्मक घट व व्यवहारांतील अडथळा दोन्ही तीव्र असतात. २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने केवळ चाचणीतील कमी गुणांवरून ऱ्हासाचे निदान करू नये, अशी शिफारस केली.

पद्धती

मूल्यमापन प्रामुख्याने तीन मार्गांनी होते.

स्वतःचे निवेदन: रुग्णाला प्रश्नावलीद्वारे अडचणी विचारल्या जातात. ही पद्धत सोपी आहे. मात्र नैराश्य असल्यास अडचणी वाढवून सांगितल्या जाऊ शकतात, तर स्वतःतील बदलाची जाणीव कमी झाल्यास त्या सांगितल्याच जात नाहीत.

निकटवर्तीयाची माहिती: सोबत राहणारी व्यक्ती पूर्वीच्या आणि आताच्या वागण्यातील फरक सांगते.

प्रत्यक्ष कृती: गोळ्यांची दिवसवार विभागणी करणे, सुटे पैसे मोजणे यांसारखी कामे रुग्णाकडून करवून घेतली जातात.

लॉटन व ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या श्रेणीत दूरध्वनी वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे घेणे आणि पैशांचे व्यवहार या आठ बाबी आहेत. मूळ श्रेणीत पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम व कपडे धुणे या बाबी वगळल्या जात.

सांस्कृतिक मर्यादा

जे काम एखाद्याने कधी केलेलेच नाही, ते न येणे हा ऱ्हास नव्हे. घरातील पैशांचा व्यवहार नेहमी दुसऱ्याच्या हाती असेल, तर त्या प्रश्नाचे उत्तर निरुपयोगी ठरते. म्हणून पूर्वी येत असलेले काम आता जमते का, असे विचारणे आवश्यक असते. निरक्षर वृद्धांना लागू पडेल अशी दैनंदिन क्षमतांची एक भारतीय श्रेणी हरियाणातील बल्लभगड येथील स्मृतिभ्रंशविषयक संशोधनातून तयार झाली; ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेची स्थापना १९९२ मध्ये झाली. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांसह तेथील संशोधकांनी या विषयावर काम केले. मराठी-हिंदी द्विभाषिकतेचा बोधात्मक चाचण्यांवरील परिणाम तपासणारा त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये, तर विषाणूविरोधी उपचार सुरू केल्यानंतर बोधात्मक क्षमतांत होणाऱ्या बदलांविषयीचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

शहरात तयार झालेले प्रश्न ग्रामीण भागात जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन परिसर तेलंगणाच्या सीमेजवळ असून तालुक्यात मराठीबरोबर गोंडी, कोलामी व तेलुगू या भाषाही बोलल्या जातात. अशा भागात शेतीची कामे, मजुरीचा हिशोब, आठवडी बाजारातील खरेदी किंवा एसटीने दवाखान्यात जाणे यांविषयीचे प्रश्न अधिक अर्थपूर्ण ठरू शकतात.

उपचारांतील महत्त्व

भारतात शासकीय केंद्रांतून मोफत विषाणूविरोधी उपचार २००४ पासून दिले जातात. हे उपचार आयुष्यभर व नियमित घ्यावे लागतात. विसरण्यामुळे मात्रा चुकत राहिल्यास विषाणू औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. अडचण नेमकी कळल्यास औषधाची वेळ जेवणाशी जोडणे, मोबाइलचा गजर लावणे किंवा कुटुंबीयाची मदत घेणे असे उपाय करता येतात.

गोपनीयता

निकटवर्तीयाला प्रश्न विचारताना रुग्णाची एचआयव्हीस्थिती उघड होण्याचा धोका असतो. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ नुसार, कायद्यातील अपवाद वगळता, अशी माहिती संबंधित व्यक्तीच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय उघड करता येत नाही. त्यामुळे निकटवर्तीयाशी बोलण्यापूर्वी रुग्णाची संमती घेणे हा या मूल्यमापनाचा आवश्यक भाग आहे.